आतून कडी लावू नये

धान चुरून झालं, शेताच्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक हिरवं दिसायला लागलं आणि तलावावर ती परदेशी बदकं उतरली, की माझं डोकं फिरतं. बाकीच्या जगाला हिवाळा आवडतो. मला हिवाळा म्हटला की पाहुणे आठवतात. त्यांचे होल्डॉल, त्यांचे मफलर, त्यांची पोटं. यंदा तर नातवानं कहर केलाय. नातू म्हणजे पुतण्याचा मुलगा. मला पोटचं कोणी नाही. तलावाच्या पाळीवरचा माझा बंगला पाहुण्यांना पुन्हा भाड्यानं द्यायचा म्हणून तो हातात वही घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतो आहे आणि दुरुस्त्यांची यादी करतो आहे. काल त्यानं ती वाचून दाखवली. पहिलंच कलम, न्हाणीच्या दाराची कडी नवीन बसवणे.

मी म्हटलं, "बाकी काय पाडायचं ते पाड. त्या कडीला हात लावशील तर याद राख."

"काऊन पण, आजी? गंजून गेली ते. एखादा पाहुणा अडकून राहीन ना अंदर."

"अडकू दे."

पोरगा हसला. त्याला वाटलं, म्हातारी चळली.

हा बंगला माझ्या सासऱ्यांनी बांधला, तोही स्वतःसाठी नव्हे. दौऱ्यावर येणाऱ्या गोऱ्या साहेबांना बदकं मारायला सोयीचं पडावं म्हणून. बारा गावांचा मालगुजार, गावात चालताना रस्ता रिकामा व्हायचा, आणि साहेबापुढं उभं राहायचं तर पायातले जोडे काढून. साहेबासाठी लाल सिमेंटची फरशी, साहेबासाठी काचेची तावदानं, साहेबासाठी मागच्या बाजूला दगडी न्हाणी. घरच्या बायकांना मात्र आंघोळीला बोरूच्या ताट्यांचा आडोसा. मग साहेब गेले, पाठोपाठ मालगुजारीही गेली, आणि बंगल्यात वटवाघळं राहायला आली. साहेबांपेक्षा ती बरी होती. निदान अंडी उकडून मागत नव्हती.

मालगुजारी गेली त्याच्या आदल्या वर्षी माझे यजमान तापानं गेले. मी चोवीस वर्षांची. माहेर गोंदियाजवळ फुलचूरला, सातवीपर्यंत शाळा झालेली, वाचायची आवड. केशोरीकडच्या त्या भल्यामोठ्या घरात तीस माणसांचा भात शिजायचा आणि तो शिजवायचा मी. विधवा, मूल नाही, म्हणजे तिला दुसरं काम काय? सकाळी पातेलं चढवायचं, ते उतरवून दुपारचं चढवायचं, मग संध्याकाळचं. घरात कोणी वाईट वागत नव्हतं. कोणी वागतच नव्हतं. यजमानांचं नाव मी घ्यायचं नाही ही रीत होती, आणि बाकीच्यांनी तर ते आपणहून टाकून दिलं. माणूस गेल्यावर वर्षाच्या आत त्या घरात त्याचं नाव ऐकू येईनासं झालं.

घरात राज्य भासऱ्यांचं. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याला तोंड दाखवायचं नाही, तो खाटेवर असेल त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. अगदीच अडलं तर मधे तिसरं माणूस घ्यायचं. तेही नसेल तर खांबाशी बोलायचं, भिंतीशी बोलायचं. "खांबा, सांग त्यांना, जेवण वाढलंय." खांब काही सांगत नाही, पण ऐकणाऱ्यानं खांबाकडून ऐकल्यासारखं करायचं. तोही मग उत्तर खांबालाच देणार. आठ वर्षं मी त्या माणसाच्या घरात राहिले आणि त्याचा चेहरा मला माहीत नव्हता. पाय ओळखायचे. डाव्या अंगठ्याचं नख काळं.

यजमानांना जाऊन तीन वर्षं होत आली तेव्हा जाऊबाईंच्या तोंडून मी निरोप पाठवला, मला शेतीतला वाटा नको, पाळीवरचा बंगला द्या. मी पाहुणे ठेवीन, माझं मी खाईन. माजघरात सगळे हसले म्हणे. मग जाऊबाई उत्तर घेऊन आल्या. "ते म्हणून राहिले, ठीक हाये, एक हिवाळा करून दाखव म्हणा. होळीपर्यंत एका बी पाहुण्याची तक्रार माझ्या कानी आली, तं गुमान घरी यायचं आन् चुलीपुढं बसायचं. पुन्हा तोंड उघडायचं नाही. नाही आली, तं बंगला कागदावर तिचा."

त्यांना वाटलं होतं, पौषातच परत येईल. मलाही खरं सांगायचं तर तसंच वाटलं होतं, पण मी गेले.

सोबत मंगरू आणि त्याची बायको दसरी. साहेबांच्या काळापासून मंगरू तिथला चौकीदार, आणि त्याला दोनच गोष्टी येत. सलाम करणे आणि हरवणे. दसरीला सगळं येई. पहिले पाहुणे आले ते नागपूरचे एक वकील, सहकुटुंब, हवापालट करायला. अर्जुनीच्या स्टेशनावर छोट्या लाइनच्या गाडीतून उतरले, तिथून रेंगीत, म्हणजे आमच्याकडच्या छपराच्या हलक्या बैलगाडीत बसून. आदल्या दिवशी मी दसरीला म्हटलं होतं, मोठे लोक येताहेत, फरशी अशी कर की बघत राहतील. दसरीनं केली. पहाटेपासून राबून तिनं त्या लाल सिमेंटच्या फरशीवर, तीन खोल्या आणि व्हरांडा, शेणाचं सुंदर सारवण केलं. काठाला पांढऱ्या छुई मातीची नक्षी. घरी मोठं माणूस येणार तर जमीन सारवायची नाही? तिच्या हिशेबानं ती उघडी लाल फरशी म्हणजे दरिद्रीपणा. पण सिमेंटवर शेण वाळतं थोडंच! वकीलसाहेबांची पत्नी "अय्या, किती छान!" म्हणत पहिलं पाऊल टाकते तोच सरळ बसली.

"अहो, हे काय लावून ठेवलंय तुम्ही?" वकील गरजले. नाकाला रुमाल. आता या माणसाची आई वर्ध्याकडच्या कुठल्याशा गावात आयुष्यभर शेणानंच सारवत होती, ते त्यानं स्वतःच दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. पण नागपूरला दोन वर्षं राहिलं की शेणाला वास यायला लागतो.

पहिलाच पाहुणा, पहिलीच तक्रार, गेला बंगला. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, "विंचू, साहेब. सारवलेल्या जागेत विंचू येत नाही."

वकील थांबले. रुमाल खाली आला. पत्नी उठून उभी राहिली, मागून हिरवी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाई मला हळूच म्हणाल्या, "मग पलंगाखालीही सारवून घ्या ना. चारी बाजूंनी."

आठ दिवस ती मंडळी शेणात राहिली आणि खूश होऊन गेली. माणसाच्या अकलेविषयीचा माझा आदर त्या आठ दिवसांत जो उतरला तो परत चढला नाही.

न्हाणीच्या दाराचं दुखणं मात्र जुनं होतं. आतल्या लोखंडी कडीची मूठ फार वर्षांपूर्वी मोडलेली. कडी आत सरकायची झोकात, पण मागं ओढायला धरायचं काय? मग माणूस आत आणि जग बाहेर. सोडवायची युक्ती फक्त बाहेरून चालायची. दार खालून पायानं उचलायचं आणि कडीच्या जागी तळव्यानं एक दणका द्यायचा. पायही नेमका पाहिजे, दणकाही नेमका. लोहार म्हणाला, चुरणी आटोपल्यावर येतो. आमच्याकडे चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या, दिवसांत देवानं बोलावलं तरी माणूस खळं सोडून जाणार नाही. आणि एकदा चुरणी संपली की आणखी काही तरी निघतंच. शेवटी मी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून काव कालवून पाटी लिहिली, "आतून कडी लावू नये. लोटा बाहेर ठेवावा." लोटा बाहेर म्हणजे माणूस आत, अशी पद्धत. वकीलसाहेबांना लोट्यावर भरवसा नव्हता. बायको आंघोळीला गेली की ते स्वतः स्टूल टाकून लोट्याशेजारी बसत, पेपर उलटा धरून.

मग आले एक प्रोफेसर आणि त्यांच्या सौभाग्यवती, पुण्याकडचे. त्यांना खेडं पाहायचं होतं. लाखोळीची डाळ खाऊन त्यांचं पोट बिघडलं, तेव्हा खेडं पुरेसं पाहून झालं. तरी तक्रार केली नाही, फक्त सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "बाई, आम्ही शांततेसाठी आलो आहोत. पहाटे ही बदकं फार कलकलाट करतात. त्यांचं काही करता येईल का?"

दसरी चहा ठेवत होती. ती म्हणाली, "सांगून पाहतो मी त्याईले."

प्रोफेसरांनी "आभारी आहे" म्हटलं. खोटं नाही सांगत, खरोखर म्हटलं.

त्याच आठवड्यात वानरांची एक टोळी छपरावरून उड्या मारत गेली आणि संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. आमच्याकडे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचे ते वैशाखात. माघात त्या कामाला कोण मिळणार? प्रोफेसर मच्छरदाणीच्या आत छत्री उघडून बसले. मी गुंड, घागरी, गंगाळ, मिळेल ते भांडं थेंबाखाली मांडलं. सकाळी मंगरूला म्हटलं, वर चढ. तो म्हणाला, "मले चक्कर येते, बाई," आणि सलाम करून हरवला. मग मीच लुगडं खोचलं आणि शिडी लावली. मालगुजाराच्या घरची विधवा दिवसाढवळ्या छपरावर! पाळीवरून जाणाऱ्या बायका थांबून तोंडाला पदर लावून बघत होत्या. बघा म्हटलं.

फुटके कवेलू काढून चांगले सरकवता सरकवता मी वर पोचले आणि मान उचलली. केवढा तो तलाव. पलीकडे प्रतापगडचा डोंगर, धुकं अर्धं उतरलेलं, काठाच्या चिखलात सारसांची एक जोडी, आणि जिकडेतिकडे धानाच्या तणसाचा ओला गोड वास. माझ्या डोक्यावर त्या वेळी काहीही नव्हतं, ना छप्पर, ना पदर. तिथं बसून मला रडू आलं. इतके दिवस मी भासऱ्यांना हरवण्यासाठी हा खेळ खेळत होते. त्या सकाळी मला तो बंगला हवा झाला. तीस माणसांच्या त्या पातेल्यापाशी मी आता परत गेले तर जगणार नाही, हे मला स्पष्ट कळलं.

खाली उतरले तर प्रोफेसर म्हणाले, "अस्सल ग्रामीण अनुभव!" त्यांना ताप भरला होता.

असा माघ चालला होता. पाहुणे येत होते, त्यांच्या अंगावर पाली पडत होत्या, रहाटाचा दोर तुटून बादली विहिरीत जात होती, आणि मी प्रत्येकाला काहीतरी थाप मारून हसत घरी पाठवत होते. एकाही माणसानं भासऱ्यांकडे तोंड उघडलं नाही. होळी पंधरा दिवसांवर आली तशी भासऱ्यांची झोप उडाली असणार. त्यांनी वेगळाच डाव काढला.

महाशिवरात्रीला आमच्याकडे गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे प्रतापगडच्या जत्रेला. मंगरू आणि दसरी उजाडताच गेले. पाहुणे नव्हते. मी एकटी सैपाकघरात उपासाची रताळी सोलत बसले होते, तर पाळीवर रेंगीच्या बैलांचे घुंगरू. ओट्याआडून पाहिलं. काळ्या नखाचा अंगठा.

भासऱ्यांनी गाडीवानाला सांगितलं, "जाय बे, दर्शन करून ये. सांजेले ये मले न्यायले." मग व्हरांड्यात आले आणि खांबाला म्हणाले, "सांग तिले, आज मी पाहुणा हाये म्हणा."

म्हणजे तक्रार करणारा पाहुणा मिळेना, तर मालक स्वतःच पाहुणा! खुर्चीच्या हातावर बोट फिरवून धूळ बघितल्याचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. संतापानं माझे कान तापले. पण करता काय? पूजेआधी आंघोळ लागणार, म्हणून हंड्यातलं कढत पाणी न्हाणीत नेऊन ठेवलं, दाराशी लोटा ठेवला आणि मागल्या मागं निघून आले.

ते न्हाणीपाशी थांबले. पाटी मोठ्यानं वाचली. "आतून कडी लावू नये." मग खाकरले. "माझ्या बापाच्या न्हाणीत मले शिकवून राहिली!" दार लागलं. आणि खट्.

माझ्या हातातलं रताळं हातातच राहिलं.

थोडा वेळ पाणी वाजत होतं. मग दार हललं. मग जोरात हललं. "मंगऱ्या! अबे मंगऱ्या! कोठी मेला बे?" मंगरू जत्रेत कुठंतरी सलाम करत असेल. "कोणी हाये का नाही अठी?" मी उठले नाही. त्या दोन-चार मिनिटांची मला आजही लाज वाटत नाही. बारा गावांचा धनी माझ्या न्हाणीत कोंबडा होऊन बसला होता, आणि मी रताळं सोलून संपवलं.

मग गेले. हातात बांगड्या असत्या तर वाजवल्या असत्या. त्या नव्हत्या, म्हणून खोकले.

मी पदर ओढून घेतला आणि म्हटलं, "दारा, सांग त्यांना, घरात धाकटी एकटीच आहे."

मग आतून, "बादली, सांग तिले. दार उघड म्हणा."

"दारा, सांग, पाहुण्यांसाठी पाटी लावली होती."

"बादली, सांग तिले, तक्रार करीन मी! हा काय बंगला हाये?"

"दारा, विचार, तक्रार करणार कोणाकडे? ती मालकांच्या कानी जायची होती. मालक तर आत आहेत."

आत काहीतरी आदळलं. बहुधा बादली. मला हसू आवरेना. मी पायरीवर बसले आणि दाराला सांगितलं की घाई नाही, सांजेला गाडीवान येईल, जत्रेतून चार गावचे लोक याच पाळीवरून परततील, सगळे मिळून दार फोडतील. नाहीतर होळीची वाट न पाहता बंगल्याचं आत्ताच बोलून टाकावं. अगदी थंड डोक्यानं बोलले. त्या क्षणी मला त्या माणसाची कणभर कीव नव्हती.

उत्तर आलं तेव्हा आवाज वेगळा होता, आणि तो बादलीला नव्हता.

"हे कडी बाळ्यानं मोडली होती. इसरूनच गेलो होतो मी."

मी पायरीवरून उठले. बाळ्या म्हणजे माझे यजमान.

"नऊ वर्षाचा असंन तो. आम्ही दोघं अठी लपलो होतो, साहेबाची केक चोरून. तो कडीले लोंबकळला, झोके घेऊन राहिला, आन् मूठ हातात आली. दोघंही अडकलो. म्या त्याले म्हटलं, रडू नोको बाळ्या, म्या मोडली म्हणून सांगतो. बापानं मले मारलं, आन् हा बाहेर उभा राहून केक खाऊन राहिला." मग म्हणाले, "सगळी केक खाल्ली रे त्यानं."

मी हसले. मग लक्षात आलं की आतही हसणं चाललंय, आणि मग ते हसणं राहिलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या नवऱ्याचं नाव माझ्या कानांवर पडलं होतं. मी घेऊ शकत नव्हते, कोणी घेत नव्हतं, आणि ते घेणारा एकुलता एक माणूस ओल्या धोतरात दाराच्या त्या बाजूला उभा होता. मला त्याचा राग होता, तिरस्कार होता, तो आजही पुरता गेलेला नाही. पण दारावर कपाळ टेकून मी म्हटलं, "अजून सांगा." दाराला म्हटलं नाही.

त्यांनी सांगितलं. किती वेळ ते मला माहीत नाही. पाणी निवलं असणार. बंगल्याचं बोलणं मी पुन्हा काढलं नाही, आणि त्यांनी कबूल केलं नसतानाच पायानं दार उचललं, तळव्यानं दणका दिला आणि वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. काळ्या नखाचा पाय माझ्या मागून गेला. व्हरांड्यात पोचल्यावर ते खांबाला म्हणाले, "सांग तिले, पाहुण्याची काही तक्रार नाही म्हणा."

होळीच्या दुसऱ्या दिवशी कागद आला. जाऊबाईंना अखेरपर्यंत कळलं नाही की हा माणूस एवढा कसा वितळला. ना त्यांनी सांगितलं, ना मी. आणि पुन्हा आम्ही एकमेकांशी बोललो नाही. रीत म्हणजे रीत. वीस हिवाळे मी पाहुणे ठेवले, वीस हिवाळे त्यांचा तिटकारा केला, लोहार दोनदा हत्यारं घेऊन आला आणि दोनदा मी त्याला चहा पाजून परत पाठवला. पाटी मात्र दरवर्षी काव कालवून नवी केली.

भासरे शेवटचे आजारी पडले तेव्हा मला निरोप आला. मी गेले. ते खाटेवर, म्हणजे मला आत जाता येईना. घरचे जेवायला बसले होते. मी खोलीबाहेर दाराला टेकून उभी राहिले, आणि खोकले.

आतून खोल गेलेला आवाज आला. "दारा, विचार तिले. ते कडी बसवली काय?"

"दारा, सांग. नाही बसवली."

आत खाट करकरली, कूस वळवली असावी.

"नोको बसवू म्हणा."